डोळ्यामागची रेघ

फाल्गुनात कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली आणि सुगंधाबाईच्या अंगणातली एकही कोंबडी वाचली नाही. मडक्यातल्या कोंड्यात जपलेली अंडी तेवढी उरली. ती तिने शेजारच्या शकुबाईच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली, निम्म्या वाट्याने. पिल्लं निघायच्या आतच सुगंधाबाई स्वतः तापाने गेली. तेरवी झाली. गडचिरोलीला परतायच्या आदल्या सकाळी तिची लेक गोकुळा शकुबाईच्या ओट्यावर वाटणीला बसली.

टोपलीत पिवळी पिल्लं होती ती शकुबाईच्या स्वतःच्या अंड्यांची. तिच्याकडे सरकारी पांढरा कोंबडा होता. पाठीवर तपकिरी पट्टे असलेली सुगंधाबाईच्या वाणाची. कधीकाळी एक रानकोंबडा गावाच्या कडेला उतरला होता, त्याचं रक्त या वाणात होतं. आता तो वाण टोपलीत होता एवढाच उरला होता. गोकुळाच्या वाट्याला नुसते नर आले, तर आईच्या हातचं काहीच पुढे चालणार नव्हतं.

विचारायची सोय नव्हती. पिसं फुटेपर्यंत पिल्लाला कोंबडा किंवा कोंबडी म्हणायचं नाही, म्हटलं की घारीला ऐकू जातं, असं त्या गावात मानत. सुगंधाबाईनेही ते कधी तोंडातून काढलं नाही. ती पिल्लू तळहातावर घेई, त्याचा गाल उन्हाकडे वळवी, एखाद्याच्या डोळ्यामागून करंगळी फिरवी आणि त्याला उजवीकडे ठेवी. बाकीची डावीकडे. उजवीकडची घरात राहत, डावीकडची मोठी झाली की बाजारात जात. आई लाड करते आहे, असंच गोकुळाला लहानपणी वाटे.

तिने एक पिल्लू उचललं आणि त्याचा गाल उन्हात धरला.

"काऊन वं, मुंडकं फिरवू फिरवू पाहून राह्यली?" शकुबाई म्हणाली. "सोयरीक करतं का त्याची?"

गोकुळाने पिल्लू आणखी जवळ धरलं. त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून एक काळीभोर रेघ निघून थेट कानापर्यंत गेली होती. तिने दुसरं उचललं. त्याची रेघ पुसट होती, मध्येच विरलेली. तिसऱ्याची पुन्हा ठळक, काजळाचं बोट नुकतंच फिरवल्यासारखी. आईची करंगळी याच वाटेने जायची. कवचाच्या आतल्या मिट्ट अंधारात, हे कोणी पाहील न पाहील याची पर्वा न करता, एवढ्याशा गालावर इतकी नेमकी रेघ उमटली होती. रानातसुद्धा अशीच उमटत असेल, माणूस तिथे नसताना.

कोंबडी शकुबाईची, म्हणून पहिली निवड तिची. तिने पुसट रेघेचं पिल्लू घेतलं. गोकुळाने ठळक रेघेचं घेतलं. शकुबाईने पुन्हा पुसटच उचललं, आणि त्यानंतरही. तेव्हा गोकुळाला कळलं की तिलाही दिसतं आहे, आणि ठळक रेघेची ती मुद्दाम सोडते आहे.

शेवटी गोकुळाने एक पुसट रेघेचं पिल्लू आपल्याकडे ओढलं.

"हे कायले?"

"एक लागते ना, मावशी. वाण चालवाचा आहे."

शकुबाईने तिच्याकडे पाहिलं. "मायनं सांगतलं तुले?"

"नाई. कधीच नाई."

"मलेबी नाई," शकुबाई म्हणाली, आणि पदर सावरत घार आहे का ते पाहायला तिने मान वर केली.

पावसाळा सरत आला तेव्हा एका सकाळी गडचिरोलीच्या घरामागे कोंबडा पहिल्यांदाच आरवला, घशात अडकल्यासारखा. गोकुळा हातातली परात तशीच ठेवून बाहेर आली. बाकीच्यांपैकी कोणी आरवतं का, म्हणून ती बराच वेळ तिथेच उभी राहिली. ठळक रेघेच्या त्या साऱ्या खाली मान घालून कणी टिपत होत्या.