पायांवरची आंघोळ

तुळशीचं लग्न लागलं आणि दुसऱ्याच दिवशी जयदेवने माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली. जांभूळ गावातल्या त्या घरात विमानाची बॅग भरायची ही पहिलीच वेळ होती. जयदेवची थोरली मुलगी उन्नती कॅनडात टोरांटोला राहायची, समुद्राएवढ्या तळ्याच्या काठावरच्या गावात. तिला महिन्याभरापूर्वी मुलगी झाली होती. तिच्या मदतीला दोघी निघाल्या होत्या, आई अंजना आणि आजी मोतीबाई. अंजनाकडे स्वयंपाकपाणी आणि मोतीबाईकडे बाळाची आंघोळ.

आंघोळ हे मोतीबाईचंच काम. जमिनीवर बसून पाय लांब पसरायचे, उघड्या नडग्यांवर बाळ पालथं घालायचं, तेल जिरवायचं आणि मग ऊन पाण्याची धार धरायची. हे तिने आपल्या आईचं बघून उचललं होतं, ज्या पाड्यावर आता बारवी धरणाचं पाणी आहे तिथल्या अंगणात. चाळीस वर्षांत अर्ध्या जांभूळची पोरं तिच्या पायांवर धुतली गेली. त्यांतली काही आता टक्कल पडलेली होती, पण रस्त्यात भेटली की मोतीबाईला त्यांच्या पाठीवरची लव आठवायची.

उन्नती फोनवर रडकुंडीला आली होती. "आजी, टबात ती साबणासारखी निसटते गं. आठ दिवस झाले, मी नुसती ओल्या फडक्याने पुसतेय. तू लवकर ये."

ते ऐकल्यापासून मोतीबाईच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

पण जयदेव बॅगेत एकामागून एक लोकरीच्या पँटी भरत होता. पाच भरल्या.

"ह्या कोनाच्या?" मोतीबाईने विचारलं.

"तुझ्या. तिथे आताच चार डिग्री आहे, आई. उन्नतीचं घर तळघरातलं, फरशी बर्फासारखी. ती स्वतः घरात दोन-दोन मोजे घालते. गेल्या मार्गशीर्षात तुझे पाय आखडले तेव्हा पंधरा दिवस खाली बसता येत नव्हतं, आठवतंय ना? डॉक्टरांनी काय सांगितलं? पाय झाकून ठेवा."

मोतीबाई जन्मभर गुडघ्यापर्यंतच येणारं लुगडं चापूनचोपून काष्टा घालून नेसलेली. तिने एक पँट उचलून हवेत धरली. "यात शिरू कशी आन निघू कशी? तेल लावलेला पोर काय लोकरीवर लोलवू?"

"आंघोळीपुरती काढायची."

"आन आंघोल झाल्यावर ओला पोर कुठं ठेवू? नलावर टांगू?"

धाकटी नात भाविका हसून हसून लोळली. जयदेव मात्र हसला नाही. "आई, पाय आखडले तर तिथे तुलाच आंघोळ घालायची पाळी येईल त्यांच्यावर. पँट घालणार नसशील तर अंजना एकटी जाईल."

तो खोटं बोलत नव्हता, हीच मोतीबाईची अडचण होती.

तोड अंजनाने काढली. ती उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये एका जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जायची. तिथले शिलाईमास्तर हरिचंद्र. तिने त्यांना सांगितलं, मास्तर, कंबर नको, मांडी नको, गुडघ्यापासून खाली नुसते पाय शिवून द्या, आतून मऊ फ्लॅनेल, आणि उघडायला चेन.

मास्तरांनी दोन दिवसांत शिवून दिले. बाहेरून निळी जीन्स, वर पितळी बटण, बाजूला चक्क 'स्लिम फिट'चं लेबल.

"आजी, एकदम हिरोईन!" भाविका म्हणाली.

मोतीबाईने ते चढवले आणि पाय पसरून खाली बसली. लगेच तोंड वाकडं झालं. गुडघ्याशी कापड काचत होतं आणि चेन उघडायची तर थेट घोट्यापर्यंत वाकावं लागत होतं. मांडीवर बाळ असताना वाकणार कोण?

"चल, मना तुज्या मास्तरकडं ने," ती अंजनाला म्हणाली.

शेअर रिक्षातून दोघी कॅम्प तीनला उतरल्या. कारखान्यात मशीनांचा खडखडाट, जीन्सचे ढीग, हवेत निळा कोंडा. हरिचंद्र मास्तरांनी टेप काढली. "मावशी, सरळ उभ्या राहा."

"उभी कशाला राहू? उभी राहून कोन पोराला न्हाऊ घालतो?"

आणि मोतीबाई दोन मशीनांच्या मधल्या बोळात, चिंध्यांवरच, पाय लांब करून बसली. खडखडाट एकेक करून थांबला. "आता घे माप."

मास्तर तीस वर्षं पँटी शिवत होते, पण पाय पसरून बसलेल्या माणसाचं माप त्यांनी कधी घेतलं नव्हतं. ते गुडघे टेकून बसले, टेप लावली, पुन्हा लावली. "अरे बापरे, गुडघ्यात दीड इंचाचा फरक पडतो!"

"पडनारच. चेन वरून खाली उघडली पायजे. भायेरच्या अंगाला. एका हातानं, एका ओढीत. दुसऱ्या हातात पोर आसतो."

"मावशी, तुम्ही इथे कामाला या," मास्तर म्हणाले.

"पगार काय देशील?" मोतीबाई म्हणाली आणि सगळा कारखाना हसला.

नवे पाय शुक्रवारी आले. त्यांवर लेबल नव्हतं. शेजारच्या श्रद्धाचा मुलगा दोन महिन्यांचा होता, तिने आनंदाने तो आणून दिला. मोतीबाई पाय पसरून बसली, मुलगा डाव्या हातावर घेतला आणि उजव्या हाताने एक चेन ओढली, मग दुसरी. कापड दोन्ही बाजूंना केळीच्या सोपटासारखं सुटून पडलं. ते लांब सारून तिने उघड्या नडग्यांवर मुलाला पालथं घातलं. तो आधी किंचाळला. पाठीवर तेलाचा हात फिरला तसा हुंदके देत राहिला आणि धार पडायला लागल्यावर त्याने एक लांब उसासा सोडला. शेवटी श्रद्धाच्या हाती पंच्यात गुंडाळून गेला तेव्हा तो झोपलेला होता. मोतीबाईने पाय पुसले, कोरडं कापड पुन्हा गुंडाळलं आणि दोन्ही चेना वर ओढल्या.

जयदेव दारात उभा राहून हे सगळं बघत होता. आत जाऊन त्याने बॅग उघडली आणि पाचही पँटी बाहेर काढून पलंगावर ठेवल्या.

"आई," त्याने आतून हाक मारली, "लुगडी किती घालू?"

"सात घाल," मोतीबाई म्हणाली. "आन चांगली घाल. पनती मना पयल्यांदाच बघनार हाय."