राखणदाराचं काळं पाणी

"काळं झालं! काळं झालं गो!" मांडवातल्या बाया ओरडल्या. सानवीचे तळहात बुडताच परातीतलं नितळ पाणी शाईसारखं झालं होतं.

"बघा!" धरणीबाबा गरजले. "पोर माती खाते ती कुणाची? गाव राखणाऱ्या देवाची, राखणदाराची! तो हिच्या रक्तात शिरलाय. आम्ही पाण्याला बोटही न लावता त्याला उपसतो. डॉक्टरच्या मशिनीत दिसला का कधी राखणदार?"

"नाय दिसला!" गर्दी म्हणाली.

अडीच वर्षांची सानवी आईच्या, योगिनीच्या, खांद्यावर ओल्या फडक्यासारखी पडली होती. घराच्या जांभ्या दगडाच्या भिंती खरवडून ती लाल भुगा चाटायची, पण ओठ पांढरेफटक. बाप लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत पाळीवर. फोनवर योगिनीला एवढंच म्हणायचा, "माझी आई सांगते तसं कर."

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मनस्विनींनी रक्त तपासून लोहाचं औषध दिलं होतं. ते घेताच पोरीची शी काळी झाली आणि सासू काशीबाई हबकली. बाबा म्हणाले, "औषधानं राखणदार खवळलाय. बंद करा, नायतर पोर जाईल." औषध बंद झालं. दर सोमवारी पाणी काळं होत राहिलं, आणि सानवी चालायची थांबली.

मंगळवारी सकाळी तिला उभंही राहवेना. बसल्या जागी धाप लागली. योगिनीने तांदळाच्या डब्यात लपवलेली बाटली काढली. नुसतं औषध सानवी तोंडात घेत नसे. वाडीतल्या सगळ्या पोरांसारखी तीही कोऱ्या चहात भाकरी बुडवून खायची. योगिनीने चमचाभर औषध त्या चहातच ओतलं.

चहा काळाकुट्ट झाला.

"शिरला गो घरात!" काशीबाईने कपाळ बडवलं.

योगिनी कपाकडे बघतच राहिली. पोरीने तर त्याला हातही लावला नव्हता. मग राखणदार आला कुठून?

तिने पोरीला कडेवर घेतलं, कप पदराखाली झाकला आणि आरोग्य केंद्र गाठलं. काशीबाई मागून धापा टाकत आली.

"अगं, चहातला तुरट अंश आणि लोह एकत्र आले की काळंच होणार," डॉक्टर म्हणाल्या. "औषधातलं उरलेलं लोह बाहेर पडतं, म्हणून शी काळी. त्यात घाबरण्यासारखं काही नाही." मग त्यांनी सानवीची पापणी खाली ओढली आणि त्यांचा आवाज बदलला. "हिला आत्ताच रत्नागिरीला न्यायला हवं. रक्त चढवावं लागेल."

"सुई टोचलीत तर राखणदार तिला ठेवायचा नाय!" काशीबाईने पोर हिसकावली आणि मांडवाकडे धाव घेतली.

योगिनी आणि डॉक्टर मागोमाग पोचल्या तेव्हा बाबा सानवीच्या तळहाताला अंगारा चोळत होते. शिष्य परात पुढे सरकवत होता. योगिनीला एकाएकी कपातला चहा आठवला. तिने बाबांचं मनगट धरलं आणि अंगाऱ्याने माखलेला त्यांचाच हात परातीत दाबला.

पाणी काळं झालं. बोटंही काळी झाली.

"अरे, बाबालाच धरला की!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"सोड! भस्म होशील!"

"होऊ दे. आधी माझी पोर द्या."

डॉक्टरांनी अंगारा चिमटीत घेऊन हुंगला. "ही हिरड्याची पूड आहे. पाण्यात हिराकस असणार, म्हणजे लोहाचाच क्षार. जुनी शाई अशीच करायचे. विहिरीचं पाणी आणा, बघा."

कुणीतरी कळशी आणली. तोच अंगारा चोळून डॉक्टरांनी हात बुडवला. पाणी नुसतं गढूळ झालं. बाबा शिष्याला शोधू लागले. शिष्य केव्हाच पसार झाला होता.

काशीबाईने डॉक्टरांचा हात धरला. "मग माज्या नातीला धरलंय कुणी?"

"कुणी नाही, आजी. तिच्या रक्तात लोहच नाही. माती खायची ओढ अशीच लागते. त्यात जेवणाबरोबर कोरा चहा. अन्नातलं थोडंफार लोहही तो बांधून ठेवतो, अंगी लागू देत नाही."

"चाय तर मीच पाजत होतें..."

"आता गाडीत बसा. तिला तुमची सवय आहे."

"जगंल ना?"

"आज पोचलो तर."

गाडी निघाली. म्हातारी वाटभर नातीचे गार पाय पदरात धरून बसली होती.

राखणदाराला नारळ द्यायचा तर जरूर द्या. पण मूल माती खाऊ लागलं, पांढरं पडलं, तर आधी रक्त तपासा. डॉक्टरांनी दिलेलं औषध कुणाच्या सांगण्यावरून थांबवू नका. ताटात नाचणी, पालेभाजी, सुकट वाढा, वर लिंबू पिळा. चहा लहानग्यांना नकोच. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर पाणी आपल्या विहिरीचं न्या.