माझ्या डोक्यावरचा कात्रीचा वण

नोरीन जन्मली त्या वर्षी, म्हणजे १९५२ साली, तिच्या बापाने नवी होडी बांधली आणि तिला लेकीचंच नाव दिलं. होडी बांधून ह्युऑन पाइनचा, म्हणजे आमच्याकडच्या न कुजणाऱ्या लाकडाचा, जो तुकडा उरला, त्यातून त्याने बायकोसाठी मला घडवलं. मित्रांनो, मी एक जुना रफूचा ठोकळा आहे. आकाराने अळंबीसारखा. वर गुळगुळीत गोल डोकं, खाली मुठीत मावेल असा दांडा. मोजा किंवा बाही माझ्या डोक्यावर ताणायची आणि भोक बुजवायचं, एवढंच माझं काम. आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेलो आहे.

सत्तर वर्षं मी नोरीनच्या आईच्या हातात होतो. "तुझ्याइतकं कामाचं या घरात दुसरं कुणी नाही," असं ती मला म्हणायची, आणि नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची. मग ती गेली. नोरीनच्या भावाने एका दुपारात घर रिकामं केलं आणि मी एका खोक्यातून सफरचंदांच्या जुन्या वखारीत पोचलो. तिथे आता टाकलेल्या वस्तूंपासून नव्या वस्तू करायचं दुकान आहे. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'इथे काहीही वाया जात नाही.' आठवडाभरात कुणीतरी मला लाल रंग फासला, वर पांढरे ठिपके काढले आणि शोभा म्हणून दाराबाहेरच्या कुंडीत खोचलं. भर पावसात.

तरी नोरीनने मला ओळखलं. तिने मला उपटलं आणि दुकान चालवणाऱ्या टेगनच्या नाकासमोर धरलं.

"हे काय आहे, माहीत आहे?"

"अळंबी," टेगन म्हणाली. "गोड आहे ना?"

"गोड तुझं डोकं. दर गुरुवारी मला इथे एक टेबल दे. या गावात सुई कशी धरतात ते दोघाचौघांना तरी कळू दे."

काचेच्या तुकड्याने तिने माझा रंग खरवडला, आणि शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी एकटी ग्लेनिस आली. वय बहात्तर. जन्मभर गाईंच्या धारा काढलेल्या त्या हातांना सुई सापडत नव्हती. पिशवीतून तिने हिरवा स्वेटर काढला. दोन्ही कोपरं फाटलेली.

"माझ्या नवऱ्याचा, केल्विनचा आहे. त्याच्या आईने विणलेला," ती म्हणाली. "आता तो वृद्धाश्रमात असतो. मला ओळखत नाही, पण स्वेटर ओळखतो. नवा घातला तर फेकून देतो. 'हा माझा नाही' म्हणतो आणि नुसत्या शर्टावर कुडकुडत बसतो. आश्रमवाले म्हणतात, फाटका चालणार नाही, घाण होतो, अडकतो."

"मग थंडी वाढायच्या आत करू," नोरीन म्हणाली. "धागा ओढू नकोस. भोकाचं तोंड आवळायचं नसतं, भोकावर कापड विणायचं असतं. आधी उभे धागे. मग आडवे, एकावरून, एकाखालून."

"गाय बरी यापेक्षा. निदान लाथ मारते तेव्हा कळतं."

"तू टाके घाल. लाथ मी मारते."

चार गुरुवारांत उजवं कोपर झालं. वेडंवाकडं, पण घट्ट. डावं अर्धं झालं आणि आश्रमातून फोन आला की केल्विन पडला. ग्लेनिस घाईने उठली.

"टेबलावरच राहू दे, मी बघते," नोरीन म्हणाली. आणि विसरली. हो, तीसुद्धा. माझा राग तिच्यावरही आहे.

शनिवारी, जुलैच्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातल्या सुट्टीत, मुलांचा बाहुल्या करायचा वर्ग होता. टेगन टेबलाशी आली. फाटका स्वेटर, चांगली लोकर. त्या दुकानात सगळ्यांना एक खोड लागली आहे. वस्तू दिसतच नाही, नुसता माल दिसतो. तिने कात्री चालवली. डाव्या बाहीत मी होतो. पातं माझ्या डोक्यावर घासलं.

"अरे, आत काहीतरी आहे," ती म्हणाली. सुई लोंबत होती, धागा अर्धा होता. तिने मला काढून खिडकीत ठेवलं आणि पुढे कापत राहिली. मित्रांनो, मला तोंड असतं तर वखारीचे पत्रे उडाले असते.

गुरुवारी ग्लेनिस आली. टेगनने सांगितलं. "फाटकाच होता ना? मला वाटलं..."

ग्लेनिस ओरडली नाही. "बाह्या कुठे आहेत?" एवढंच तिने विचारलं. बाह्यांच्या बाहुल्या झाल्या होत्या आणि मुलांनी त्या घरी नेल्या होत्या.

नोरीन मात्र टेगनकडे वळली. "गाडी काढ. घरोघर जा आणि तुकडा न् तुकडा आण."

टेगनने नदीचं सगळं खोरं पालथं घातलं. डोळे चिकटवलेल्या बाहुल्या घेऊन ती परतली. मग तिघी बसल्या. टेगनने सुई पहिल्यांदा हातात धरली. कुठेकुठे गोंद निघेना, शिवणी दोरखंडासारख्या उठल्या. ऑगस्ट उजाडला. डावं कोपर अजून उघडंच होतं. ग्लेनिस म्हणाली, आता थांबत नाही. तिने स्वेटर पिशवीत कोंबला. मी बाहीतच होतो.

आश्रमात केल्विन नुसत्या शर्टात बसला होता, ओठ निळे. ग्लेनिसने स्वेटर मांडीवर ठेवला. त्याचा अंगठा एका शिवणीवर गेला, तिथून दुसरीवर. त्याचा चेहरा लाल झाला.

"हा कुणी कापला?" तो गरजला. "माझ्या आईने विणलाय हा. कोण तो गाढव?"

ग्लेनिस रडतही होती आणि हसतही होती. "एक पोरगी आहे. तिला आम्ही शिकवतोय."

"नीट शिकवा," तो म्हणाला, आणि हात वर केले. तिने मला बाहीतून काढलं आणि स्वेटर त्याला घातला. उघड्या कोपरासकट.

माझ्या डोक्यावर तो वण अजून आहे. नोरीन तो घासून काढणार होती. टेगनच म्हणाली, राहू दे. आता कात्री उचलण्याआधी ती प्रत्येक वस्तूपाशी मोठ्याने विचारते, "हे कुणाचं आहे?" मित्रांनो, तुम्हीही विचारा. फाटलेलं म्हणजे टाकलेलं नव्हे. कुणीतरी परत येणार असतं.

केल्विन २०२४ सालच्या ऑगस्टच्या एकवीस तारखेला, बुधवारी दुपारी वारला. डावं कोपर पुरं व्हायचं राहिलं.