आपण कोण ते सांगायचं नाही

सीताफळाचे डोळे अजून उघडले नव्हते – खवल्यांमधल्या रेघा हिरव्याच होत्या – आणि ते ओट्यावरच्या स्टुलावर बसलं होतं, कुणी विसरून गेल्यासारखं नव्हे, तर कुणी मुद्दाम हजर केल्यासारखं. रंजिता चहाचा कप हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. बाबांनी पेपर खाली घेतला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"कोणी ठेवलं?"

"भुरीबाईनं."

"तिचा दावा आहे."

"बाबा, तुम्हाला रिटायर होऊन किती वर्षं झाली..."

"दावा तर आहे ना."

भुरीबाई शेजारची. महागावच्या कोर्टात धुऱ्याच्या, शेताच्या बांधाच्या, भांडणापायी चपला झिजवणारी, आणि कुडापलीकडून सगळं ऐकणारी. ती तिकडूनच म्हणाली, "जज्जसायेब, तुमी सीताफळ खाल्लं त माहा धुरा सरकते काय? तसं असन त टोपलीभर आनून देतो."

बाबा हसले. मुलीशी ते पुस्तकातलं मराठी बोलत, पण आपल्या बंजारा तांड्यातल्या माणसांशी बोलताना त्यांचा आवाजच निराळा होई, कोट काढून ठेवल्यासारखा. "हे कच्चं हाय वो भुरीबाई. परवा पिकन. तवा तू इथं ये, आपन दोघं बसून खाऊ. एकट्यानं खाल्लं त ती लाच होते. संग बसून खाल्लं त पाहुनचार."

"अन् बिया कोनाच्या राह्यतीन?"

"बियाचं पुढच्या तारखेले पाहू."

कुडापलीकडे भुरीबाई खदखदून हसली, आणि रंजितालाही हसू आलं – सगळं इतकं नेहमीसारखं होतं. दिवाळी होऊन गेलेली, दूर शेतांत कपाशीची पऱ्हाटी फुटून पांढरी झालेली, अंगणात कुणाची तरी कोंबडी. नंतर ती पुन्हा पुन्हा या सकाळीत शिरणार होती, हरवलेली किल्ली शोधताना तोच खिसा माणूस पुन्हा पुन्हा चाचपतो तशी. पण त्या वेळी ती फक्त चहा पीत होती आणि तिला दुपारी यवतमाळला परत जायचं होतं. तिथं तिची वकिली होती, आयकराची आणि जीएसटीची.

पेपरात पुन्हा तेच होतं. न्यायाधीशांनी आपली मालमत्ता लोकांपुढं मांडावी की नाही, निवृत्तीनंतर सरकारनं दिलेलं पद घ्यावं की काही काळ थांबावं, आणि खालच्या कोपऱ्यात, मोठ्या शेतीउत्पन्नावर कर का नसावा. बाबा असल्या बातम्या पेन्सिल घेऊन वाचत. त्यांनाही एका आयोगावरचं पद विचारलं होतं. त्यांनी दोन ओळींत नकार कळवला आणि तांड्यात दोन खोल्या बांधल्या. आता वडिलोपार्जित शेतीचा ठोका, म्हणजे खंडाचे पैसे, येई, तर तोही आपल्या उत्पन्नात धरून त्यावर कर भरायचा म्हणत.

"तो धरायचा नसतो," ती म्हणाली. तिच्या आवाजात अशिलांशी बोलतानाचा कंटाळा आला. "शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे. कायद्यानंच."

"सूट आहे म्हणून घेतलीच पाहिजे असं कुठं आहे? ज्याचं पोट शेतावर आहे त्याच्यासाठी आहे ती. मला पेन्शन आहे."

"बाबा, माझ्याकडं अशी माणसं येतात की ज्यांच्या मुरमाड जमिनीत कापूस उगवत नाही, पण कागदावर दरवर्षी सोनं पिकतं. ती माणसं झोपतात सुखानं. आणि तुम्ही... रांग सगळ्यांनी केव्हाच मोडली आहे. त्या मोडलेल्या रांगेत आपणच का उभं राहायचं?"

ते डाव्या खांद्याजवळ तळहात ठेवून हलकेच दाबत राहिले – हे तिनं पाहिलं, पाहिलं होतं – आणि मग म्हणाले, "रांग आपल्यापासून सुरू होते असं समजायचं." आणि लगेच, थोडं ओशाळून, "काल भरीत जरा जास्त झालं."

ती दुपारी गेली नाही. का, ते तिला सांगता आलं नसतं.

त्या घरात एकच नियम होता आणि तो कधी कुणी उच्चारला नव्हता: आपण कोण ते सांगायचं नाही. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय – नोकरी. गावोगावची सरकारी क्वार्टर्स, फाटकाशी कुणी ठेवलेली तुरीची पिशवी, आणि ती परत घेऊन जाणारा शिपाई. आई होती तोवर कुरकुरायची, की बाजारात भाजीवालीनं दोन मिरच्या जास्त टाकल्या तरी ह्यांचा चेहरा उतरतो. लहानपणी एकदा रंजिताला सणसणून ताप आला होता, आणि दवाखान्याच्या रांगेत बाबा तिला खांद्यावर घेऊन उभे होते. डॉक्टरांनी आतून ओळखलं, हात केला, या साहेब, असे या – आणि बाबांनी तळहात नुसता वर केला, कोर्टात वकिलाला थांबवताना करतात तसा. डॉक्टर थांबले. रांगेतल्या माणसांनी वळून पाहिलं, कुजबुजले, आणि त्या तापात तिला काय वाटलं होतं? अभिमान. कढत, डोळ्यांत पाणी आणणारा अभिमान. तो तिनं पुढं आयुष्यभर जपला. पुस्तकं वाचली, कायदा शिकली, त्या अभिमानाला नावं मिळत गेली – निःपक्षपात, समता, न्यायाची बूज – पण मुळाशी तो वर उचललेला तळहातच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना घाम आला होता. ते स्वतःच चालत गाडीत बसले, शर्टाची वरची गुंडीही लावली. रस्त्यावर जो पहिला बरा दवाखाना लागला तिथं तिनं गाडी वळवली. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, काय होतंय बाबा?

"काही नाही, थोडी जळजळ."

मुलीनं लाल प्लास्टिकची चकती दिली. बसा, नंबर आला की बोलवते.

बाकावर पुढं एक बाई, मांडीवर तापानं निपचित पडलेलं मूल. दोन म्हातारे. एक शाळकरी पोरगी, पायाला पट्टी. बाबा भिंतीला टेकून बसले. त्यांचा रंग... रंग मी पाहिला होता, ती अजून स्वतःशीच म्हणते. ओल्या राखेसारखा. मी उठले. काउंटरकडं दोन पावलं गेले, आणि मागं वळून पाहिलं – का पाहिलं? – तर ते चष्म्यावरून बघत होते. तीच नजर. वकील जे बोलायला नको ते बोलू लागला की त्याच्याकडं टाकायची. मी परत येऊन बसले.

तेवढ्यात पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस फोनवर बोलतच आत शिरला, बरोबर बोटाला फडकं बांधलेला कुणी तरुण – "भाऊंचे साळे हायेत, आधी घ्या" – आणि त्यांना आत घेतलं गेलं. बाबांनी तिच्याकडं पाहून भुवई उडवली. गंमत वाटल्यासारखी. किंवा, तुझी मोडलेली रांग ती हीच, असं म्हटल्यासारखी... किंवा ती गंमत नव्हतीच, कळ होती, आणि तिनं तिचा अर्थ लावला, कारण त्या घरात चेहऱ्यांचे अर्थ लावायचीच सवय होती, विचारायची नव्हती.

मग त्यांचं डोकं तिच्या खांद्यावर आलं. तिला वाटलं, डुलकी लागली. इतक्या वर्षांत त्यांनी कधी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं नव्हतं, म्हणून ती हलली नाही. त्यांची झोप मोडू नये म्हणून ती हलली नाही.

"अहो मॅडम," डॉक्टर नंतर म्हणाले, आणि ते खरोखर कळवळले होते, "साहेब आहेत म्हणून आधी सांगायचं ना. एक शब्द टाकायचा."

एक शब्द. ती तेव्हापासून त्या शब्दाचा खटला चालवते आहे, दोन्ही बाजूंनी, कारण दोन्ही बाजूंनी बोलायला ती एकटीच उरली आहे. शब्द टाकला असता तर मांडीवर मूल घेतलेली ती बाई मागं गेली असती, आणि त्या मुलाचं काही झालं असतं तर? बाबांनी तुला माफ केलं असतं? ठीक. मान्य. पण मग दुसरी बाजू उभी राहते, शांतपणे, आणि विचारते: सांगण्यासारखी एकच गोष्ट होती का? पद सोडून दे. पद कोण मागत होतं? त्या बाकावर भुरीबाई बसली असती, असाच घाम, असाच रंग, तर तू काउंटरवर ओरडली असतीस, अहो हिला आत घ्या, हिच्या छातीत दुखतंय. मोठ्यानं. नियमानं. दुखण्याला रांग नसते हे तुला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं, सगळ्या जगाला माहीत आहे... पण आम्ही दोघांनी गप्प राहायची इतकी सवय लावून घेतली होती, की कुणाचे आहोत हे लपवता लपवता काय होतंय हेही लपलं. 'थोडी जळजळ.' फॉर्मवर 'नोकरी' लिहावं, तसं.

आणि इथं तिची गाडी अडते. दोन्ही बाजू गप्प होतात. निकाल कुणी देत नाही.

ओट्यावर आता बायका बसल्या आहेत. तांड्याच्या रीतीनं, पदर पुढं ओढून, एकमेकींच्या गळ्यात हात घालून, सुरात रडतात. लालीबाई मधोमध आहे – बाबांची थोरली बहीण, रंजिताची फुफी. ते रडणं नुसतं रडणं नाही, त्यात शब्द असतात, गेलेल्या माणसाशी समोरासमोर बोलणं असतं. आणि जे एरवी जिभेवर आणता येत नाही ते या सुरात म्हटलेलं चालतं, नंतर कुणी त्याचा जाब विचारत नाही. लालीबाई भावाला हाका मारते, मारो भिया रे... आणि मग, रंजिता मान वर करून ऐकते, ती भावावर फिर्याद मांडू लागते: माह्या पोराच्या लग्नात मांडवात बसला नाही रे भिया, पाव्हन्यात कोनाचा दावा असन म्हनून बसला नाही, अंगनातून हळद लावून माघारी गेला रे, तुह्यासाठी ठेवलेलं ताट मी गाईले घातलं रे... इतकी वर्षं तिनं हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. भाऊ आला की पाणी द्यायची, तब्येत विचारायची. बायका तिचे शेवटचे शब्द उचलतात आणि सूर पुढं जातो.

स्टुलावर सीताफळ अजून आहे. त्याचे डोळे उघडून गेले, ते काळं पडलं, एका बाजूनं आपोआप उललं, मुंग्यांची रांग लागली. कुणी फेकलं नाही. भुरीबाई ठरल्याप्रमाणं आली तेव्हा त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि हात न लावता बायकांत जाऊन बसली. ते कुणाचं हे अजून ठरलेलं नाही.

"छोरी," लालीबाई सूर तोडून म्हणते. तिचा चेहरा ओला आहे, पण आवाज अगदी घरातला. "तू काहून दगडासारखी बसून राह्यली? तोंड उघड. बापाले काही बोलाचं असन ते आत्ता बोल."

"मला येत नाही फुफी. मला... हे शिकवलंच नाही कुणी."

"हे कोनी शिकवते काय?" लालीबाई तिचं डोकं ओढून आपल्या गळ्याशी घेते. तिच्या पदराला धुराचा वास आहे.

रंजिताच्या मुठीत ती चकती आहे. दवाखान्यातून निघताना कुणी परत मागितली नाही, तिनंही दिली नाही. प्लास्टिकची कड तळव्यात रुतते. तिला सूर लागत नाही. ओठ हलतात, आणि जे बाहेर येतं ते काउंटरसमोर उभं राहून बोलल्यासारखं, सपाट, नीट उच्चारलेलं:

"हे माझे वडील. खेमसिंग आडे. निवृत्त जिल्हा न्यायाधीश. यांना आधी घ्या."

बोलून ती थांबते – आणि तिची मान आपोआप वळते, बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडं. चष्म्यावरची ती नजर यायला हवी होती. यावी म्हणून ती वाट पाहते. त्यांनी तळहात वर करावा, तिला अडवावं, रागवावं... खुर्चीवर पेपर आहे, घडी केलेला, त्यावर पेन्सिल. कुणी अडवत नाही. तिच्या लक्षात येतं, की हे वाक्य बोलल्यानं काही मोकळं झालं नाही, नुसता नियम मोडला. आणि मोडलेल्या नियमाच्या मागं दुसरं काहीतरी उभं आहे, कधीचं, आपली पाळी कधी येते म्हणून खाली मान घालून थांबलेलं. बायकांनी तिचं वाक्य उचललं आहे, 'आधी घ्या, आधी घ्या रे', त्यांच्या सुरात ते तिचं राहत नाही. लालीबाईचा हात तिच्या पाठीवरून फिरतो, वरून खाली, वरून खाली.

"ऐका," रंजिता म्हणते, आता पुष्कळ मोठ्यानं, इतक्या मोठ्यानं की कुडापलीकडची कोंबडी फडफडते, "ऐका ना हो कुणीतरी – माझ्या बाबांना खूप दुखतंय."