जुन्या डिस्कचा नंबर

जव्हारच्या वाचनालयातला सर्व्हर बंद पडला तेव्हा सगळे म्हणाले, सुदर्शनला बोलवा. हरेशला ते फार लागलं. सर्व्हर त्याच्या बायकोने, पुष्पलतेने उभा केला होता. तिला जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि तिच्या हाताखाली शिकलेला सुदर्शन वारस झालासुद्धा!

जवळच्या साखरशेत गावाकडे नेट धड चालत नाही, म्हणून तिकडची मुलं धडे इथूनच मोबाइलवर उतरवून नेत. आजही ती ओट्यावर ताटकळत होती.

सुदर्शनची एसटी यायच्या आत हरेशने काम हाती घेतलं. पुष्पलतेची पद्धत त्याने पाहिली होती. मशीनवर हाताने काही बसवायचं नाही. मशीन कसं हवं ते फाइलीत लिहायचं, मग मशीन स्वतःच तसं होतं. त्याने जळालेल्या डिस्कच्या जागी नवी घातली आणि पुष्पलतेच्या पेनड्राइव्हवरच्या फाइली वापरून सगळं पुन्हा बसवलं. एक अक्षर बदललं नाही. मशीन सुरू झालं आणि अडकलं. पडद्यावर एवढंच, की डिस्कची वाट बघतंय.

सुदर्शनने आल्या आल्या वाकून पाहिलं. "दादा, हार्डवेअरची फाइलपण जुनीच घातलीत? तिच्यात जळालेल्या डिस्कचा नंबर आहे. मशीन तीच शोधत बसलंय."

"पुष्पाने लिहिलीय ती."

"नाही हो. ती मशीन स्वतः लिहितं, समोरचं सामान बघून. सामान बदललं की नवी करायची. मॅडमनी लिहिली ती दुसरी. त्या म्हणायच्या, ही माझी, ती मशीनची."

"तुला म्हणायची?"

"रोज. चहाला गेलो की हेच."

हरेशशी घरी ती डाळ, गॅस, लाइटबिल एवढंच बोलायची.

"मला नाही कधी सांगितलं."

"तुम्हाला सांगायला लागलं की तुम्ही झोपता, म्हणायच्या."

ह्याला हाकलून द्यावं, असं हरेशला वाटलं. मशीन बंदच राहू दे. तिच्याशिवाय ते चाललं नाही, असं तरी होईल. तेवढ्यात ओट्यावरून कोणीतरी ओरडलं, "काका, झालं का?"

"सरक," तो सुदर्शनला म्हणाला आणि खुर्चीत बसला. "काय टाइप करायचं सांग. फक्त मशीनची फाइल. तिच्या फाइलीला हात लावलास तर बघ!"

सुदर्शन सांगत गेला, हरेश एका बोटाने टाइप करत गेला. मशीन उठलं. मुलं मोबाइल घेऊन आत घुसली.

हरेश खुर्चीतून हलला नाही.

"आणखी काय म्हणायची?" त्याने विचारलं. ह्याला विचारावं लागतंय, याचाच त्याला राग आला.