केळीच्या खुंटातला दिवा

साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये खंडेनवमीच्या सकाळी दोनेकशे माणसं जमली होती. कामगार, त्यांच्या बायका, शेजारच्या कारखान्यांतून आपापली यंत्रपूजा उरकून आलेले लोक. मधोमध पॉवर प्रेस चालू होता. पत्र्याला एका दणक्यात आकार देणारं हे मशीन. त्याचा वरचा जड ठोकळा धाड धाड खाली येत होता आणि दर दणक्याला झेंडूच्या माळा हलत होत्या. दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधले होते. समोर चक्रनाथ महाराज उभे होते. त्यांनी मनगटावरचं सोनेरी घड्याळ काढून शिष्याकडे दिलं, बाही वर सारली आणि चालत्या प्रेसखाली हात घातला.

ठोकळा हातापासून चार बोटांवर थांबला.

महाराजांनी हात बाहेर काढला. कारखान्याच्या मालकानं नम्रपणे पॅनेलवरचं बटण दाबलं, प्रेस पुन्हा सुरू झाला. हात आत गेला, प्रेस गप्प. तिसऱ्या खेपेला पुढच्या रांगेतल्या दोन बायका रडायलाच लागल्या आणि मागच्या लोकांनी मोबाइल उंच धरले.

मग महाराजांनी उपदेश सुरू केला. यंत्रालाही भूक लागते म्हणे. गेल्या वर्षी इथल्याच कामगाराची, जयराजची दोन बोटं गेली ती त्याच भुकेपायी. आपण काल सूर्यास्ताला ही भूक बांधून टाकली आहे. शेडमध्ये प्रेस सहा आहेत, त्यातला हा म्हणजे थोरली बहीण, बाकीच्या पाच धाकट्या, आणि थोरली वळणावर आली की धाकट्या आपसूक येतात. घड्याळ का काढलं, त्याची भूक बांधायची राहिली होती का, हे कुणी विचारलं नाही.

शेवटी महाराज हात उंच करून म्हणाले, "लोखंडाला हाताची ओळख नसते. ती आम्ही करून देतो."

हे वाक्य माझं होतं.

मी सम्मेद. मूळचा आष्ट्याचा, आता सांगलीला विश्रामबागेत राहतो. कामगारांचे हात वाचवणारी उपकरणं विकणं हा माझा धंदा. मिरजेपासून शिरवळपर्यंत कारखाने पालथे घालतो. आमचं मुख्य उपकरण म्हणजे दोन पिवळे खांब. मशीनच्या दोन बाजूंना ते समोरासमोर लावायचे. एकातून न दिसणारे किरण निघतात, दुसरा ते पकडतो. मधे हात आला की किरण तुटतात, खांबावरचा बारीक हिरवा दिवा लाल होतो आणि मशीन जागच्या जागी थांबतं. प्रत्येक कारखान्यात मी बाही वर सारतो, हात घालतो आणि हेच वाक्य म्हणतो. पंधरा वर्षं म्हणत आलोय. लोक टाळ्या वाजवतात आणि खरं सांगायचं तर मला त्या आवडतात.

कारखान्याचा मालक मुकुल हा माझा कॉलेजचा मित्र. आम्ही चार वर्षं एका खोलीत राहिलो, एकाच ड्रॉइंग बोर्डावर आळीपाळीनं जर्नलं पूर्ण केली. जयराजच्या अपघातानंतर मुकुलच्या कामगारांनी एकच हट्ट धरला होता: प्रेस दोन हातांनी दोन बटणं दाबूनच चालवणार. दोन्ही हात बटणांवर असले की ते आत जाऊच शकत नाहीत. पण त्यानं काम हळू होतं. मुकुलला पायानं दाबायची पट्टी हवी होती, म्हणजे हात माल सरकवायला मोकळे. मी त्याला म्हटलं, पट्टी लाव, पण सहाही प्रेसना आमचे खांब बसव. तो म्हणाला, एक संच आठवडाभर वापरून बघतो. मी रविवारी जाऊन एक नंबरच्या प्रेसला स्वतः बसवून दिला. रविवारच का, तर कामगारांची खोटी नको, असं तो म्हणाला होता. मला त्याचं कौतुक वाटलं होतं. माझं प्रात्यक्षिक त्यानं मोबाइलवर टिपून घेतलं, त्याचंही कौतुकच वाटलं.

खंडेनवमीला दुपारी चारनंतर संच घेऊन जा, असा त्याचा निरोप होता. साताऱ्यातली माझी दुसरी भेट रद्द झाली म्हणून मी सकाळीच आलो. आता मी त्या केळीच्या खुंटांकडे नीट बघितलं. खुंट उभा चिरून आतला गाभा काढला होता. चिरेतून, झेंडूच्या दोन फुलांच्या मधून, ज्वारीच्या दाण्याएवढा दिवा दिसत होता. महाराजांनी पुन्हा हात आत घातला तेव्हा तो लाल झाला.

मुकुलची आणि माझी नजरानजर झाली. तो गर्दीतून वाट काढत आला, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि मला काचेच्या केबिनमध्ये घेऊन गेला. चहा आला. तो घाबरला असेल असं मला वाटलं होतं. तो हसत होता.

त्याचं म्हणणं सरळ होतं. गेल्या वर्षीपासून कामगारांच्या मनात भीती बसली आहे, भीतीनं काम होत नाही, आणि माझ्या किरणांवर त्यांचा विश्वास बसला नसता. महाराजांवर बसला. सगळ्या मशीनची दोन बटणं काल संध्याकाळी काढून टाकली होती, आता पट्टी.

"आणि बाकीच्या पाच मशीनना काय आहे?" मी विचारलं.

"दिवाळीनंतर तुझ्याकडूनच घेणार की. पाचही. ऑर्डर तुझीच समज," तो म्हणाला. "आणि सम्मेद, तू तरी दुसरं काय करतोस? हात घालतोस, वाक्य फेकतोस, लोकांचे डोळे मोठे होतात. त्यानं तेच केलं. कफनी घालून केलं, एवढाच फरक."

खोटं कशाला सांगू, पाच संचांच्या ऑर्डरचा विचारही मनात येऊन गेला. मी चहा पीत बसलो. ज्या माणसाच्या शेजारी चार वर्षं झोपलो, त्यानं माझंच उपकरण लपवून माझ्याच वाक्यानं माणसं फसवली होती आणि मी त्याला माझ्या कपात दुसऱ्यांदा चहा ओतू देत होतो. त्याचा राग आहेच. माझाही आहे.

बाहेरून माइकवर आवाज आला. सुपरवायझर जोतीराम, लष्करातून निवृत्त झालेला माणूस, सांगत होता की आता दोन नंबरच्या प्रेसवर मुहूर्ताचा पहिला नग निघेल आणि तो मान दगडाबाईंचा.

दगडाबाईंना मी ओळखत होतो. तिथल्या सगळ्यात जुन्या कामगार. प्रत्येक खेपेला मला विचारायच्या, सायेब, जेवलासा का. दोन नंबरच्या प्रेसला खांब नव्हते. काहीच नव्हतं.

मी कप ठेवला की पाडला ते आठवत नाही. धावत बाहेर आलो तेव्हा दगडाबाई हळदीकुंकू वाहून स्टुलावर बसल्या होत्या, पाय पट्टीवर होता, आणि महाराज त्यांना सांगत होते की भीती सोडा, हात आत ठेवूनच पट्टी दाबा, धाकटी बहीण ओळख दाखवेल. दगडाबाईंचा उजवा हात निम्मा आत गेला होता.

मी तो मनगटाला धरून बाहेर ओढला. त्या स्टुलावरून पडता पडता वाचल्या. लोक माझ्या अंगावर धावून आले, जोतीरामनं माझी कॉलर धरली.

"एकच मिनिट," मी म्हटलं. "मग काय मारायचं ते मारा."

माझ्या बॅगेत नेहमी काकडी असते. हात घालण्याआधी मी काकडी घालून दाखवतो, प्रात्यक्षिकाचा भाग म्हणून. तिचा अर्धा तुकडा मोडून दोन नंबरच्या प्रेसखाली ठेवला आणि जोतीरामला पट्टी दाबायला सांगितलं. त्यानं महाराजांकडे पाहिलं, मालकाकडे पाहिलं, मग पाय ठेवला.

काकडीचं पाणी पहिल्या रांगेतल्या लोकांच्या तोंडावर उडालं.

मी एक नंबरकडे गेलो, झेंडूच्या माळा ओरबाडून काढल्या, खुंट सोलला. पिवळा खांब उघडा पडला. त्यावर माझ्याच हातानं लिहिलेली चिठ्ठी होती: प्रात्यक्षिकासाठी, विक्रीस नाही. मी जोतीरामला समजावून सांगितलं की किरण कुठून निघतात, कुठे पोचतात. मग प्रेस चालू करायला लावला आणि ओंजळभर झेंडू त्या दोन खांबांच्या मधे टाकले. प्रेस थांबला. पायातली चप्पल काढून तिचा पंजा मधे धरला, तरी थांबला. त्याला महाराजांचा हात, फुलं आणि चप्पल सारखीच होती. मग जोतीरामच्या देखत खांबांची जोडणी सोडवली आणि उरलेली काकडी आत ठेवली. थोरल्या बहिणीनंही तिचा चेंदा केला.

"महाराज," जोतीराम सावकाश म्हणाला, "आता घाला हात."

महाराज म्हणाले, मुहूर्त टळला. शंका आली की शक्ती जाते. शिष्याकडून घड्याळ घेऊन मनगटावर चढवत ते फाटकाकडे निघाले, आणि त्यांना कुणी अडवलंही नाही. कारण सगळे दगडाबाईंकडे बघत होते.

त्या मुकुलसमोर जाऊन उभ्या राहिल्या. आवाज चढला नव्हता.

"मालक, तुमच्या लग्नात पोळ्या म्या लाटल्या. परवा तुमीच म्हनलासा, दगडाबाई, मुहूर्त तुमच्या हातानं करायचा, तुमचा हात लय शुभ हाय. ह्या मशीनीला काय बी लावल्यालं न्हाई, ह्ये तवा तुमास्नी ठावं हुतं का?"

मुकुल म्हणाला, बाई, काही झालं नसतं.

"मग तुमी घाला की."

तो खाली बघत राहिला. त्या वाट बघत होत्या, खरंच वाट बघत होत्या, की तो काहीतरी म्हणेल. मग माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आभार मानतील.

"सायेब, तुमी ह्ये कवा वळाखलं?"

"महाराज बोलले तेव्हाच."

"म्हंजे चा घ्यायच्या आदी."

मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि पदरानं हाताला लागलेलं कुंकू पुसलं. माझ्याशी त्या पुन्हा बोलल्या नाहीत.

त्याच दिवशी जोतीरामनं सहाही प्रेसना दोन बटणं परत जोडून घेतली आणि तोवर मेन स्विचला कुलूप घातलं. मुकुलनं पुढे मला दोनदा फोन केला, मी उचलला नाही. चार वर्षांची खोली, ड्रॉइंग बोर्ड, सगळं त्या केळीच्या खुंटाबरोबर सोललं गेलं. ते वाक्यही मी त्यानंतर कधी म्हटलं नाही.

आता माझ्या प्रात्यक्षिकात मी हात घालत नाही. काकडी कामगारांच्याच हातात देतो. आधी उपकरण बंद करून ती चिरडू देतो, मग चालू करून वाचवू देतो, आणि वायर कुठून कुठे जाते ते त्यांच्याकडूनच वदवून घेतो. टाळ्या कमी पडतात. प्रश्न खूप येतात, आणि मला आता तेच हवे असतात.

तेव्हा वाचणाऱ्यांना एवढीच विनंती. कुणी म्हणालं की मशीन बांधलंय, आजार बांधलाय, नशीब बांधलंय, तर विचारा कशानं बांधलंय. माळा बाजूला करून बघा. शेजारच्या मशीनवर करून दाखवा म्हणावं. मी विकायला आलो तर मलाही विचारा, मी काही वेगळ्या मातीचा नाही. दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपला हात आत घालू नका.

आणि ज्यांना लाल दिवा आधीच दिसला आहे, त्यांना माझं सांगणं आहे: लगेच बोला. चहा नंतर घ्या.