ज्याची पाटी, त्याची विहीर

मित्रांनो, मी एक जुनी विहीर आहे. विहिरींनी थंडपणे बोलावे असे म्हणतात. मला ते जमणार नाही. मला अजून राग आहे, आणि तो गिळून मी माझी कथा सांगणार नाही.

आमच्या शिरे नदीत मगरी आहेत, म्हणून गावाने मला खणले. लुफेयो नावाचा म्हातारा खणकर रोज दोराने खाली उतरे. बायांनी विटा भाजल्या आणि डोक्यावरून वाहिल्या. फालेसी तेव्हा नवी नवरी होती. "अगं, एवढ्या नको घेऊस, मान मोडेल!" असे बाया म्हणाल्या की ती हसून म्हणे, "मोडली तर मोडली! मगरीच्या तोंडी जाण्यापेक्षा बरी!" पाणी लागले त्या दिवशी लुफेयो खालून ओरडला आणि वर बायांनी जिभा हलवून अशा किलकाऱ्या केल्या, की माझ्या कडेची माती खाली घसरली.

पुढे बारा वर्षे गावाने मला जपले. पावसाआधी गाळ काढायचा, दोर बदलायचा, शेळ्या येऊ नयेत म्हणून काटेरी कुंपण घालायचे. कोणाला सांगावे लागत नसे.

मग शहरातून एक संस्था आली. माणसे भली होती. त्यांनी माझ्यावर झाकण टाकले, हातपंप बसवला, एनेरेसी नावाच्या बाईला तो दुरुस्त करायला शिकवले आणि पान्हे दिले. जाताना एक निळी पाटी रोवली. तिच्यावर लिहिले होते, 'ही विहीर आमची भेट.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग विटा कोणी वाहिल्या, असे एकानेही विचारले नाही. त्या दिवसापासून मी गावाची राहिले नाही.

तीन वर्षांनी पंपाचा दांडा हलका पडला. हलवला की नुसती हवा येई. एनेरेसी गावच्या मुखियाकडे गेली. तिला मिळालेले पान्हे लायटन मुखियाने आपल्या पेटीत ठेवून घेतले होते, आणि पेटीची किल्ली त्याच्या गळ्यात.

"काका, पान्हे द्या. आतलं रबर झिजलंय, बाकी काही नाही. तासाभराचं काम."

"आणि तुझ्या हातून मोडलं म्हणजे?" लायटन म्हणाला. "पाटी वाच की. ज्याची पाटी, त्याची विहीर. येतील ते."

"कधी? मगरींचे दात पडल्यावर?"

आंब्याखाली सोंगट्या खेळत बसलेले पुरुष खो खो हसले. उठले कोणीच नाही. म्हणून सांगते, माझा राग एकट्या लायटनवर नाही.

आठ महिने गेले. माझ्या पोटात पाणी तुडुंब होते, आणि बाया रिकाम्या बादल्या घेऊन माझ्यावरून नदीकडे जात होत्या. शेळ्या माझ्या झाकणावर लेंड्या टाकत होत्या. एनेरेसीने तर कोंबडी विकून नवे रबरही आणले होते. ते तिच्या कमरेच्या गाठीत पडून होते.

एका सकाळी नदीवरून आरोळ्या आल्या. फालेसी वाकून बादली भरत असताना मगरीने तिचा डावा हात धरला होता. बायांनी तिला ओढून काढले, पण कोपरापुढचा हात गेला. तिला माझ्याजवळूनच उचलून नेले. तिच्या जखमेवर ओतायलासुद्धा माझे पाणी वर आले नाही. ते मी कसे विसरू?

दोन महिन्यांनी ती दवाखान्यातून परतली, तरी माझा पंप तसाच बंद होता. गाव भेटायला जमले. लायटन मान हलवत म्हणाला, "देवाची इच्छा, पोरी."

फालेसी उठून उभी राहिली. "देवाला मध्ये आणू नका, काका. देवानं पाणी दाराशी दिलं होतं." मग ती सगळ्यांकडे वळली. "मगरीनं माझा एकच हात नेला. तुम्हाला तर दोन दोन आहेत. ते कुठं होते आठ महिने?"

लायटनने गळ्यातली किल्ली काढून एनेरेसीच्या हातावर ठेवली. तासही लागला नाही. तिने पंपाच्या आतल्या सळया वर ओढल्या, रबर बदलले, आणि पाणी धो धो आले. या वेळी किलकाऱ्या झाल्या नाहीत. "आता ती पाटी उपटा," फालेसी म्हणाली, आणि लायटनने ती स्वतः खणून काढली.

आता दर शनिवारी पाळीने माझी सफाई होते. लायटनलाही झाडू धरावा लागतो. पान्हे एनेरेसीच्या घरी असतात. फालेसी उजव्या हाताने दांडा मारते आणि बादली काठोकाठ भरते. पण ती डोक्यावर चढवायला तिला दुसऱ्याची वाट बघत उभे राहावे लागते. तेव्हा माझा राग पुन्हा वर येतो.

मित्रांनो, तुमच्या गावातही माझी एखादी बहीण असेल. तिच्यावर कोणाचे नाव आहे ते वाचत बसू नका. तिचे पाणी वर येते का, ते आज जाऊन बघा. उद्या नको. आमच्याकडे सगळे उद्याच म्हणत होते.